कूर्चेला ऑक्सिजन कमी पडतो म्हणून गुडघे झिजतात का?

सुमेधा_कराड

नमस्कार मंडळी. प्रश्न आईच्या गुडघ्यांचा आहे, पण त्यामागचं शास्त्र कुणीतरी नीट समजावून द्यावं म्हणून इथे लिहितेय.

आई ६६ वर्षांची. दोन्ही गुडघे बरीच वर्षं दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३ ऑस्टिओआर्थ्रायटिस’ लिहून आलंय. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की इतक्यात गुडघा बदलायची घाई नको. वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, दुखेल तेव्हा मलम लावा, फारच झालं तर गोळी घ्या. यातलं आई निम्मं करते.

मध्यंतरी मावशीच्या ओळखीनं आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथे भिंतीवरचा तक्ता दाखवून सांगितलं: कूर्चेत, म्हणजे सांध्याच्या गादीत, रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ऑक्सिजन पोचत नाही, पेशी गुदमरतात आणि गादी झिजते. सांध्यात ओझोनची इंजेक्शनं दिली की पेशींना ऑक्सिजन मिळेल आणि गादी परत भरून येईल. त्याचं पॅकेज आहे आणि रक्कम आमच्यासाठी लहान नाही. आईला हे पूर्ण पटलंय. माझं बी.एस्सी. केमिस्ट्रीत झालंय, त्यामुळे ऐकायला बरोबर वाटतंय तरी कुठेतरी खटकतंय.

नेटवर शोधलं तर गोंधळ वाढला. एकीकडे लिहिलंय की कमी ऑक्सिजन कूर्चेला चांगला, दुसरीकडे लिहिलंय की कमी ऑक्सिजनमुळे जागी होणारी प्रथिनंच कूर्चा खातात. दोन्ही खरं कसं असेल?

आणि एक. भाऊ लेहला नोकरीला आहे. जूनमध्ये आई त्याच्याकडे जायचं म्हणतेय. तिथल्या विरळ हवेनं गुडघे आणखी बिघडतील का?

---

बापू_इचलकरंजी

ताई, मी स्वतः घेतलीत ही इंजेक्शनं, डाव्या गुडघ्यात. सुरुवातीला दोनेक महिने बरं वाटलं, जिना चढताना कळ कमी यायची. नंतर पहिल्यासारखंच. गादी भरली का, तर पुढच्या एक्स-रेमध्ये फट होती तेवढीच अरुंद. कुणाला गुण आला असेल तर असो, मी माझ्यापुरतं सांगतोय. शास्त्राचं मला काही कळत नाही, जाणकारांनी लिहावं.

---

गार्गी_पेशीशाळा

सुमेधाताई, तक्त्यावरचं पहिलं वाक्य खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. सविस्तर लिहिते, कारण माझं रोजचं काम याच पेशींवर चालतं. गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेत हाडाचा जो काप काढून टाकतात, तो रुग्णाच्या लेखी संमतीनं आमच्या प्रयोगशाळेत येतो. त्यातली कूर्चा खरवडून, एन्झाइममध्ये रात्रभर ठेवून पेशी मोकळ्या करायच्या आणि वाढवायच्या, हे माझं काम.

आधी तो काप कसा दिसतो ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांचे पाय गुडघ्यापाशी धनुष्यासारखे बाकलेले असतात, त्यामुळे सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. नडगीच्या हाडाचा वरचा काप हातात घेतला की आतल्या बाजूला कूर्चा औषधालाही सापडत नाही. नुसतं उघडं हाड, घासून घासून शहाबादी फरशीसारखं गुळगुळीत झालेलं. आणि त्याच कापाच्या बाहेरच्या बाजूला कूर्चा चांगली जाड, पांढरी, किंचित निळसर झाक असलेली. सुरी लावली तर दाब देऊन कापावी लागते इतकी घट्ट. माणूस तोच, रक्त तेच, सांध्यातलं वंगणद्रव तेच, रक्तवाहिन्या दोन्हीकडे नाहीतच. ऑक्सिजन न पोचणं हेच झिजेचं कारण असतं, तर दोन्ही बाजू बरोबरीनं गेल्या असत्या.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही, म्हणजे संवेदना नेणारे मज्जातंतूही, नाहीत. पेशी अगदी विरळ: तिच्या एकूण आकारमानात पेशींचा वाटा जेमतेम काही टक्के, बाकी पाणी, कोलॅजनचे धागे आणि त्या धाग्यांत अडकलेले ॲग्रिकनचे पाणी धरून ठेवणारे रेणू. ऑक्सिजन येतो तो वंगणद्रवातून झिरपून. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. कूर्चेच्या वरच्या थरात तो साधारण ६ ते १० टक्क्यांइतका आणि हाडालगतच्या खोल थरात १-२ टक्क्यांपर्यंत उतरलेला असतो. हे विशीतल्या निरोगी खेळाडूच्या गुडघ्यातही असंच असतं. या पेशी ऑक्सिजनवर फारशा विसंबतच नाहीत. ग्लुकोज मोडून त्याचं लॅक्टेट करायचं आणि त्यात मिळेल त्या ऊर्जेवर भागवायचं, ही त्यांची रीत.

मग त्यांना भरपूर ऑक्सिजन दिला तर काय होतं? हे मी डोळ्यांनी बघते. साध्या इन्क्युबेटरमध्ये, जवळजवळ बाहेरच्या हवेइतक्या ऑक्सिजनमध्ये, प्लास्टिकच्या डिशवर या पेशी वाढवल्या की सुरुवातीला गोल असलेल्या पेशी पसरतात, लांबुडक्या होतात आणि दोन-तीनदा डिश बदलली की कूर्चेचं काम सोडून देतात. टाइप २ कोलॅजन बनवायचं थांबवून टाइप १ बनवायला लागतात, जे त्वचेत आणि कातडीवरच्या जखमेच्या व्रणात असतं. याला सपाट प्लास्टिकही कारणीभूत आहे. पण त्याच पेशी अल्जिनेटच्या, म्हणजे जेलीसारख्या मऊ, मण्यांत घालून कमी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवल्या, तर त्या पुन्हा गोल होतात आणि भोवती कूर्चेचा माल रचू लागतात. सॅफ्रॅनिन-ओ नावाच्या रंगानं त्याचे छेद रंगवले की ॲग्रिकन असेल तिथे लालबुंद रंग चढतो. बाहेरच्या ऑक्सिजनमध्ये वाढवलेले मणी शेजारी ठेवले तर फिकट दिसतात. म्हणजे कमी ऑक्सिजन हे या पेशींचं घर आहे.

आता ‘दोन्ही खरं कसं’ याकडे येते. ऑक्सिजन किती आहे हे पेशीला कळतं कसं, याचा उलगडा करणाऱ्या तिघांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं: ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन. प्रत्येक पेशी हिफ नावाचं प्रथिन सतत बनवत असते आणि ऑक्सिजन असेल तर लगेच मोडूनही टाकते. प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही एन्झाइम्स ऑक्सिजन वापरून हिफवर एक खूण करतात, ती खूण व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ओळखतं आणि हिफची रवानगी मोडतोडीकडे होते. ऑक्सिजन कमी पडला की खूणच होत नाही. हिफ टिकतं, केंद्रकात जातं आणि जनुकं चालू करतं: ग्लुकोज आत घेणारी, ग्लुकोज मोडणारी, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारी.

हे किती झटपट होतं याचा अनुभव प्रयोगशाळेत रोज येतो. भरपूर ऑक्सिजनमध्ये हिफ-१ अल्फाचं, म्हणजे हिफच्याच एका प्रकाराचं, आयुष्य काही मिनिटांचं. कमी ऑक्सिजनच्या पेटीतली डिश बाहेर काढून टेबलापर्यंत नेईपर्यंतच ते मोडायला लागतं. म्हणून पेशी पेटीच्या आतच, हातमोज्यांतून हात घालून फोडाव्या लागतात आणि नळ्या तडक बर्फात. पेशींना घालायचं द्रावणसुद्धा आदल्या रात्रीपासून पेटीत ठेवावं लागतं, कारण त्यात विरघळलेला बाहेरचा ऑक्सिजनही पुरेसा असतो. नवीन मुलं कामाला आली की मी पहिल्यांदा हेच शिकवते.

हिफचे मुख्य प्रकार दोन, भावाभावांसारखे, आणि सगळा घोळ तिथे आहे.

हिफ-१ अल्फा कूर्चेचा राखणदार. २००१ मध्ये उंदरांच्या कूर्चेतून त्याचं जनुक काढून टाकलं, तर वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या अगदी मधल्या, ऑक्सिजन सगळ्यात कमी असलेल्या भागातल्या पेशी मेल्या. म्हणजे पेशी ऑक्सिजन कमी होता म्हणून मेल्या नाहीत, कमी ऑक्सिजनला उत्तर द्यायचं साधन काढून घेतलं म्हणून मेल्या. हिफ-१ सॉक्स-९ या जनुकालाही बळ देतं, आणि सॉक्स-९ हा कूर्चापेशीचा मुख्य कारभारी. टाइप २ कोलॅजन आणि ॲग्रिकन त्याच्या हुकमावर बनतात. पॅरिसच्या एका गटानं २०१६ मध्ये दाखवलं की उंदरांच्या कूर्चेतून हिफ-१ अल्फा काढलं तर कोलॅजन कातरणारं एमएमपी-१३ हे एन्झाइम वाढतं आणि झीज जास्त होते.

हिफ-२ अल्फाची गोष्ट वेगळी. २०१० मध्ये ‘नेचर मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूहून, दुसरा तोक्योहून. दोघांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं: झिजणाऱ्या कूर्चेत हिफ-२ अल्फा वाढलेलं असतं आणि ते एमएमपी-१३, ॲग्रिकन तोडणारी एन्झाइम्स, सूज वाढवणारी जनुकं अशी सगळी मोडतोडीची टोळी चालू करतं. ज्या उंदरांत या जनुकाची एकच प्रत चालू होती, त्यांचा गुडघा मुद्दाम अस्थिर केला तरी कूर्चा कमी झिजली. जपानी गटाला तर माणसांमध्येही या जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागातला एक फरक गुडघ्याच्या झिजेशी जोडलेला आढळला.

आणि हे वाक्य कृपया दोनदा वाचा: कूर्चेत हिफ-२ ला चढवणारी मुख्य गोष्ट ऑक्सिजनची टंचाई नव्हे, सूज आहे. सूज आली की पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाची यंत्रणा जागी होते आणि ती हिफ-२ चं जनुक थेट चालू करते. वाढलेलं वजन, बाकलेला पाय, जुनी लिगामेंटची दुखापत, फाटलेला मेनिस्कस (गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी चकती) यांनी पेशींवर वेडावाकडा ताण येतो, कूर्चेचे बारीक तुकडे सुटतात, ते सांध्याच्या अस्तराला चिडवतात, सूज येते आणि तिथून हे चक्र फिरायला लागतं.

एक भर घालते, नाहीतर हिफ-२ अगदीच खलनायक वाटेल. लंडनच्या एका गटानं २००७ मध्ये माणसाच्या निरोगी कूर्चापेशींवर काम करून दाखवलं होतं की कमी ऑक्सिजनमध्ये सॉक्स-९ वाढवायला हिफ-२ सुद्धा लागतं. म्हणजे शांत, निरोगी पेशीत ते कामाचं असू शकतं आणि सुजलेल्या सांध्यात तेच घातक. या क्षेत्रात यावर अजून वाद चालतो आणि तो चालला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुखण्याचंही सांगते. कूर्चेत नसाच नाहीत, मग दुखतं काय? सुजलेलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, सांध्याची पिशवी. शिवाय झीज वाढते तशा खालच्या हाडातून नव्या रक्तवाहिन्या कूर्चेत घुसतात आणि त्यांच्या सोबत बारीक नसाही येतात. या वाहिन्यांना बोलावणारं व्हीईजीएफ हे प्रथिन हिफच्याच हुकमावर बनतं. जिथे रक्तवाहिन्या नसणं हेच आरोग्य, तिथे त्या येणं हा आजाराचा भाग आहे. ‘रक्तपुरवठा वाढवला की गादी भरते’ हे म्हणूनच टिकत नाही.

ओझोनबद्दल. तो म्हणजे ऑक्सिजनची बाटली नव्हे. अतिशय क्रियाशील वायू आहे, तुम्ही केमिस्ट्री केलंय, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. सांध्यात गेला की क्षणात भोवतालच्या रेणूंशी क्रिया करून संपतो. कूर्चेच्या खोल थरापर्यंत ऑक्सिजन पोचवण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या नियमांत ओझोन हा विषारी वायू म्हणून नोंदलेला आहे आणि त्याचा उपयुक्त असा वैद्यकीय वापर ज्ञात नाही असं तिथे स्पष्ट लिहिलंय. बापूंना आला तसा थोड्या दिवसांचा आराम काहींना येतो. सांध्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी चाचण्यांमध्ये बऱ्याच रुग्णांना काही काळ बरं वाटतं. पण ‘गादी भरेल’ असं सांगून पैसे घेणं मला चुकीचं वाटतं. आईंच्या गुडघ्यातल्या त्या पेशी गुदमरलेल्या नाहीत.

---

निनाद_मुलुंड

गार्गीताई, इतकं स्पष्ट पहिल्यांदाच वाचलं. तीन शंका.

एक, आजारी गुडघ्यातल्या पाण्यात ऑक्सिजन नेहमीपेक्षा कमी असतो असंही वाचलंय. मग तो भरून काढला तर काय बिघडलं? दोन, हिफ-१ चांगलं असेल तर ते वाढवणारं औषध का देत नाहीत, किंवा हिफ-२ बंद करणारं? तीन, तिबेटी लोकांच्या जनुकांत हिफ-२ चा काहीतरी फरक असतो ना? त्यांचे गुडघे कसे असतात?

---

गार्गी_पेशीशाळा

निनाद, छान शंका आहेत.

पहिली. हो, कमी असतो. गुडघ्यातून काढलेल्या पाण्यातल्या ऑक्सिजनचा दाब १९७० मध्ये मोजला गेला होता: मार लागून साचलेल्या पाण्यात सरासरी पाऱ्याचे ६३ मिलिमीटर, झिजेच्या संधिवातात ४३, आमवातात, म्हणजे रुमेटॉइडमध्ये, २७. पण हा क्रम सुजेचा आहे हे लक्षात घ्या. अस्तर सुजतं, त्यात पेशींची गर्दी होते, त्या ऑक्सिजन जास्त खातात आणि साचलेल्या पाण्याचा दाब बारीक रक्तवाहिन्यांवर येतो. ऑक्सिजन उतरणं हा तिथे सुजेचा परिणाम आहे. बाहेरून भरलात तरी खाणारे तिथेच आहेत. सूज उतरवली आणि सांधा हलता ठेवला तर आकडा आपोआप सुधारतो.

दुसरी शंका मला सगळ्यात जवळची, कारण आमच्या विभागातले निम्मे वाद यावरच होतात. हिफ वाढवणारी औषधं बाजारात आहेत. प्रोलिल हायड्रॉक्सिलेजला अडवणारी रोक्साडुस्टॅट, डॅप्रोडुस्टॅट ही औषधं मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातल्या रक्तक्षयासाठी देतात. आपल्याकडे अहमदाबादच्या झायडसनं बनवलेलं डेसिडुस्टॅट २०२२ मध्ये त्याच कामासाठी मंजूर झालं. ती गोळी घेतली की शरीराला वाटतं ऑक्सिजन कमी आहे, एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तयार होतं, त्यानं तांबड्या पेशी वाढतात. गुडघ्यासाठी ती का नको? गोळी गुडघ्यापुरती राहत नाही. ज्याला रक्तक्षय नाही त्याचं हिमोग्लोबिन वाढवत नेलं तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका. आणि ही औषधं हिफ-१ आणि हिफ-२ दोघांनाही टिकवतात. राखणदाराबरोबर मोडतोडवाल्यालाही बळ मिळायचं.

उलट दिशेनंही औषध आहे. बेल्झुटिफॅन हे नेमकं हिफ-२ लाच अडवतं. व्हीएचएल जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या गाठींसाठी ते अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. त्याचे ठळक दुष्परिणाम कोणते, तर रक्तक्षय आणि रक्तातला ऑक्सिजन उतरणं. मूत्रपिंडातलं एरिथ्रोपोएटिन हिफ-२ वरच चालतं, त्यामुळे हे होणारच. कर्करोगात डॉक्टर हे पत्करतात. गुडघेदुखीसाठी सत्तरीच्या बाईला रक्तक्षय करून ठेवणं कुणीही पत्करणार नाही, पत्करू नये.

म्हणून आता सगळा भर सांध्यात थेट देऊन तिथेच राहील अशा पद्धतींवर आहे. उंदरांवर काम चालू आहे. अडचण अशी की सांध्यात टोचलेलं औषध वंगणद्रवातून लवकर वाहून जातं आणि कूर्चेची जाळी इतकी दाट, वर ऋणभारित, की मोठे रेणू आत शिरतच नाहीत. पेशींपर्यंत पोचायचं तर औषध लहान हवं किंवा धनभारित वाहकावर बसवायला हवं. आज कुणी ‘हिफवर काम करणारं’ म्हणून गुडघ्याचं इंजेक्शन विकत असेल, तर त्यांच्यापासून लांब राहा.

तिबेटींचं खरं आहे. हिफ-२ अल्फाच्या जनुकाचं नाव ईपास-१, आणि तिबेटी लोकांत त्याचा वेगळा प्रकार सापडल्याचं कळलं तेही २०१० मध्येच, कूर्चेचे ते दोन निबंध आले त्याच वर्षी. पुढे २०१४ मध्ये कळलं की तो प्रकार डेनिसोवन या लुप्त मानवगटाकडून आलाय. त्यामुळे उंचीवरही त्यांचं हिमोग्लोबिन फार चढत नाही, रक्त दाट होत नाही. गुडघ्यांशी मात्र याची सांगड घालायला जाऊ नका. त्या प्रकाराचं काम रक्तात दिसलेलं आहे, आणि डोंगरात ओझी वाहणाऱ्यांच्या गुडघ्यांवर इतर पन्नास गोष्टींचा परिणाम असतो.

सुमेधाताई, लेहचं राहिलं होतं. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. रक्तातला ऑक्सिजन उतरेल, बोटाला लावायच्या यंत्रावर ९० च्या आसपास आकडा दिसला तर नवल नाही. पण कूर्चेच्या पेशी मुळातच त्याहून कितीतरी कमी ऑक्सिजनवर जगतात. काही आठवडे लेहला राहिल्यानं झीज वाढेल असं मानायला आधार नाही. काळजी घ्यायची ती उंचीच्या आजाराची: विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस घरात पडून आराम, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर जाण्याआधी डॉक्टरांशी बोलणं, आणि डोकं दुखून उलट्या, धाप किंवा तोल जाणं सुरू झालं तर थांबून न राहता खाली उतरणं. गुडघ्यांसाठी मठांच्या उंच पायऱ्या उतरताना काठी आणि भावाचा हात.

---

वैशाली_फिजिओ

गार्गीनं पेशींचं लिहिलं, मी पायांचं लिहिते. आई ‘निम्मं करते’ असं लिहिलंय, त्यातलं व्यायामाचं निम्मं सुटत असेल तर तेच आधी धरा.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडीचा स्नायू ताठ करून पाच-सहा सेकंद धरायचं. दुसरं, पाठीवर झोपून पाय सरळ उचलायचा. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं: खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमायला लागलं की उशी काढा. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर चालतं. त्याहून जास्त राहिलं किंवा गुडघा सुजला तर प्रमाण कमी करा, बंद करू नका.

वजनाचं: एक किलो उतरलं की चालताना दर पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. शिवाय चरबीच्या पेशी स्वतः सूज वाढवणारी रसायनं सोडतात, म्हणजे गार्गीनं सांगितलेल्या चक्रावर दोन्हीकडून परिणाम.

ओट्याशी सलग तासभर उभं राहणं टाळा, मध्ये बसा. जमिनीवर उकिडवं बसून भाजी चिरणं, कपडे धुणं बंद. कमोड नसेल तर खुर्चीवजा स्टँड मिळतो, तो आणाच.

---

सुमेधा_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. गार्गीताई, हाडाच्या कापाचं तुम्ही लिहिलंत ते आईला वाचून दाखवलं. “एकीकडे गेलीय नि एकीकडे आहे?” असं तिनं दोनदा विचारलं. पॅकेज तूर्त थांबवलंय. पण तिची भीती वेगळीच निघाली. ती म्हणते, आधीच झिजलंय, त्यात चालले, व्यायाम केला तर उरलेलं पण घासून जाईल. म्हणून ती व्यायाम टाळते हे मला आत्ता कळलं. तिला काय सांगू?

---

गार्गी_पेशीशाळा

काकूंना सांगा की कूर्चेचं जेवण चालण्यातूनच येतं. रक्तवाहिन्या नसल्यामुळे ग्लुकोज आणि इतर पोषण वंगणद्रवातूनच आत जायचं, आणि पाऊल टाकलं की कूर्चा दबते, पाय उचलला की सुटते, तेव्हा ही देवाणघेवाण नीट होते, खास करून मोठ्या रेणूंची. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय लुळे पडतात, त्यांच्या गुडघ्यातली कूर्चा एमआरआयवर पातळ होत गेलेली दिसते. तिथे घर्षण काहीच नसतं, तरी ती जाते.

दबून-सुटून येणारा बेताचा ताण आणि एकाच जागी खिळून राहिलेला ताण यांना पेशी वेगवेगळं उत्तर देतात. आमच्याकडे यंत्रावर कूर्चेचे तुकडे चालण्याच्या लयीत हलके दाबले की ॲग्रिकन बनवणं वाढतं. तोच दाब तासन्‌तास धरून ठेवला की कमी होतं. वैशालीताईंनी ओट्याशी सलग उभं राहू नका म्हटलंय ते याला धरूनच आहे. सपाट रस्त्यावर, मऊ तळव्याच्या चपलेत, बोलता येईल इतक्या वेगानं चालू द्या. दिवसातून दोनदा थोडं थोडं चाललं तरी चालेल.

आणि एक सावधगिरी. पुढे कधी कुठलंही इंजेक्शन घ्यायचं ठरलं, तर आत नेमकं काय आहे ते नावानिशी लिहून मागा. त्यात स्टेरॉइड असेल आणि काकूंना मधुमेह असेल, तर पुढचे काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चढलेली राहते. त्या दिवसांत ती रोज तपासायची आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवून ठेवायचं.